क्वार्टरबॅक भारी का फुसका, ओळखाचा कसा? डॅलसच्या भावासंग वाद लागून रायला

जागलवाला_आर्णी

राम राम मंडळी. प्रश्न जरा येगळा हाय. इथं सगळे सोयाबीनचा भाव अन् बोंडअळी इचारतात अन् मी हे घेऊन आलो, म्हून आधीच हात जोडतो.

माहा चुलतभाऊ डॅलसले रायते, टेक्सासमंधी, दहा-बारा वर्स झाले. त्यानं मले त्याच्या ॲपचा पासवर्ड देल्ला अन् तिकडच्या फुटबॉलची चटक लावून देल्ली. आपला लाथा मारायचा फुटबॉल नाई, थे अंड्यावानी चेंडूचं, हेल्मेट घालून अंगावर जायाचं. तुम्ही म्हणसान याले वावरात टाइम कुठून भेटते, तर सांगतो. 2025 च्या फेब्रुवारीत हरभरा घाट्यावर होता, रोही अन् डुकरं रात्रभर डोळा लागू देत नव्हते अन् मी जागलीले होतो. सुपर बोल म्हणजे त्यायची फायनल, थे तिकडं रविवारी संध्याकाळी असते अन् आपल्याकडं सोमवारी पहाटे पाचले सुरू होते. मंग काय, माळ्यावर घोंगडं अंगावर घेतलं, मोबाइल पाण्याच्या कॅनले टेकवला, एक डोळा धुऱ्यावर अन् एक अमेरिकेत.

भाऊ आठ दिवस आधीपासून सांगून रायला होता का माहोम्सले पाय, पॅट्रिक माहोम्स, कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक (टीमचा चेंडू फेकणारा गडी), आजच्या घडीले याच्यावानी दुसरा नाई, तीन सुपर बोल जिंकला. आता मी पायलं काय? हाफटाइमले 24-0, समोरची टीम फिलाडेल्फिया. हा गडी नुसता पळून रायला, कधी इकडं कधी तिकडं, पूर्ण मॅचमंधी सहा वेळा चेंडू हातात असतानाच लोळवला त्याले. दोन पास समोरच्यानं झेलले अन् त्यातला एक त्यायनं थेट टचडाऊनले (म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेपार) नेला. मी भावाले फोन लावला, म्हणलं हाच का तुहा हिरा? तर म्हणते खराब दिवस होता.

अन् खरी गंमत पुढं हाय. मॅच संपल्यावर आकडे पायले तर माहोम्सच्या नावावर 257 यार्ड (पास फेकून चेंडू जेवढा पुढं नेला थे अंतर) अन् 3 टचडाऊन! आकड्यावरून तर मस्त खेळला वाटते. मंग मी जे माळ्यावर बसून पायलं थे काय होतं?

तर इचारणं येवढंच हाय का क्वार्टरबॅक मोठा हाय हे ठरवाचं कशावरून. जिंकलेल्या अंगठ्या मोजाच्या (सुपर बोल जिंकणाऱ्या टीमच्या गड्यायले अंगठी भेटते), का यार्ड-टचडाऊन मोजाचे, का आपल्या डोळ्यानं पाहाचं? भाऊ म्हणते तिन्ही पाहाचं. थे तर कोणीही सांगीन.

---

सातबारा_कोरा

सात. टॉम ब्रेडी, सात अंगठ्या. दुसऱ्या कोणत्याच क्वार्टरबॅककडं चारच्या वर नाई, जो मोंटाना चार अन् टेरी ब्रॅडशॉ चार. विषय संपला.

---

दर्यापूरकर

सातबारा भाऊ, तुमचा विषय लवकर संपते नेहमीच 😄

अंगठ्या मोजायच्या म्हणता ना, मग दोन मॅच सांगतो, वाचा अन् मग बोला.

पहिली, जानेवारी 1991. बफेलोचा क्वार्टरबॅक जिम केली. टीम 20-19 नं मागे, घड्याळात दोन मिनिटांच्या वर थोडासाच वेळ, चेंडू आपल्याच 10 यार्डाच्या रेषेवर, म्हणजे पूर्ण मैदान पार करायचं. केलीनं टीमला समोरच्याच्या 29 यार्डापर्यंत नेलं. 8 सेकंद उरले. आता त्याचं काम संपलं, तो बाजूला उभा. किकर आला, स्कॉट नॉरवूड, 47 यार्डाची किक, चेंडू दोन खांबांच्या उजवीकडून गेला. हरले. बफेलो त्यानंतर अजून तीन वर्षं लागोपाठ फायनलला गेली अन् तीनही हरली. केलीच्या अंगठ्या शून्य.

दुसरी, फेब्रुवारी 2002. ब्रेडीची पहिली फायनल. स्कोअर 17-17, दीड मिनिटाच्या आत वेळ, टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा) एकही नाही. त्यानं छोटे छोटे पास टाकत टीमला समोरच्याच्या 30 यार्डापर्यंत नेलं अन् तोही बाजूला झाला. किकर ॲडम विनाटिएरी, 48 यार्ड, बरोबर मधून. ब्रेडीची पहिली अंगठी.

पूर्ण मॅचमध्ये त्या दिवशी ब्रेडीचे 145 यार्ड, अन् केलीचे त्याच्या दिवशी 212. दोघांनीही शेवटी एकच काम केलं, किकरला मारता येईल तिथपर्यंत चेंडू पोचवला. एकाच्या किकरचा पाय सरळ पडला, दुसऱ्याच्या किकरचा वाकडा. अन् आपण तीस वर्षांनी एकाला देव म्हणतो अन् दुसऱ्याला बिचारा. आमच्याकडे असं असते का, की तूर एकाच्या वावरात गारपिटीनं गेली म्हणून तो शेतकरी आळशी?

---

सातबारा_कोरा

एक किक झाली. बाकी सहा अंगठ्या काय गारपिटीनं भेटल्या का? 28-3 नं मागे असून अटलांटाले हरवलं, फेब्रुवारी 2017, शेवटी 34-28. कोणाच्या बापाले जमलं?

---

दर्यापूरकर

मान्य आहे, तो दिवस भारीच होता. पण त्याच मॅचमध्ये शेवटी शेवटी एक पास पाहा, ब्रेडीच्या टीममधल्या एडलमनवाला. ब्रेडीनं फेकला तो पास चांगला नव्हताच, समोरच्या गड्याच्या हाताला लागून उडाला, तिघं त्याच्यावर पडले अन् जमिनीपासून चार बोटं वर असताना एडलमननं तो पकडला. ज्याच्या हाताला लागून तो उडाला त्याच गड्यानं आधी ब्रेडीचा एक पास झेलून थेट टचडाऊनला नेला होता. दुसऱ्यांदा हातात बसला असता तर 28-3 ची गोष्ट कोणी सांगितली नसती.

अन् फेब्रुवारी 2015 ची अंगठी? समोर सिॲटल, चेंडू टचडाऊनच्या एक यार्ड अलीकडे, अर्ध्या मिनिटाच्या आत वेळ, ब्रेडी कुठं होता? बाकावर. माल्कम बटलर नावाच्या पोरानं पास झेलला अन् अंगठी वाचवली.

उलट सांगतो, फेब्रुवारी 2018 ला ब्रेडीनं 505 यार्ड फेकले अन् हरला, 41-33. त्या दिवशी तो 2002 पेक्षा वाईट खेळला का?

मी ब्रेडीला लहान म्हणत नाही. तो मोठाच आहे. फक्त सात हा आकडा त्याचं कारण नाही, येवढंच.

---

गणितवाल्या_बाई_हिंगणघाट

जागलवाला भाऊ, तुमच्या 257 यार्डांचं कोडं सोपं आहे. माहोम्सचे पहिल्या अर्ध्यात 33 यार्ड होते. तेहतीस! बाकीचे सगळे सामना हातातून गेल्यावरचे. 34-0 झालं तोपर्यंत कॅन्सस सिटीचा एक पॉइंट नव्हता. मग समोरचे सैल सोडतात, घ्या लहान लहान पास, वेळ जाऊ द्या, आम्हाला काय. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ते खरं अन् आकडेही खरे, पण आकड्याला तारीख-वेळ नसते. आमच्या वर्गात पेपर संपायला पाच मिनिटं असताना बाजूच्याचं पाहून लिहिलेले दहा मार्क अन् स्वतःचे दहा मार्क, मार्कलिस्टवर दोन्ही दहाच.

माझी बहीण न्यू जर्सीला आहे, मिस्टरांना अन् मला दोघांनाही हे वेड तिच्यामुळे लागलं. मला खेळापेक्षा त्यातलं गणित आवडते. तिथे एक जुनं माप आहे, पासर रेटिंग, 1973 पासूनचं. चार गोष्टी पाहतात: किती पास पोचले, एका पासमागे किती यार्ड, किती टचडाऊन, किती समोरच्यानं झेलले. अन् सगळं मिळून जास्तीत जास्त मार्क किती, तर 158.3. शंभर नाही, दीडशे नाही, 158.3! माझ्या सातवीतल्या पोरांनी असा पेपर पाहिला असता तर वर्गातून उठून गेले असते. त्यातून तुमच्या त्या पहाटेच्या माहोम्सचं रेटिंग काढलं तर 95.4 येते, म्हणजे चांगलं! सहा वेळा लोळवला ते त्यात मोजतच नाहीत, स्वतः पळून काढलेले यार्ड मोजत नाहीत. पास रिसिव्हरच्या (पास पकडणाऱ्या गड्याच्या) दोन्ही हातात बसून निसटला अन् समोरच्यानं झेलला, तरी पाप क्वार्टरबॅकचं. आणि दोन हात पुढे सरकवून दिलेला चेंडू घेऊन रिसिव्हर साठ यार्ड पळाला तर साठच्या साठ यार्ड पुण्य पण क्वार्टरबॅकचं.

त्यापेक्षा हे बरं, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. एकूण यार्ड घ्या, प्रत्येक टचडाऊनचे 20 मिळवा, प्रत्येक झेलल्या गेलेल्या पासचे 45 वजा करा, अन् एकूण किती पास फेकले त्यानं भागा. मी तीन हंगाम काढून ठेवलेत (हंगामाची फायनल पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला होते):

डॅन मरिनो, 1984: 5,084 यार्ड, 48 टचडाऊन, 17 झेलले गेले, 564 पास. उत्तर 9.4.
पेटन मॅनिंग, 2013: 5,477 यार्ड, 55 टचडाऊन, 10 झेलले गेले, 659 पास. उत्तर 9.3.
तोच मॅनिंग, 2015: 2,249 यार्ड, 9 टचडाऊन, 17 झेलले गेले, 331 पास. उत्तर 5.0.

आता सांगा, या तिघांपैकी सुपर बोल कोणत्या वर्षी जिंकला? 9.4 वाला मरिनो फायनल हरला. 9.3 वाला मॅनिंग फायनल 43-8 नं हरला. 5.0 वाला मॅनिंग जिंकला 😄 वय झालेलं, हातातला जोर गेलेला, मधे काही सामने बाहेर बसलेला, पण त्याच्या टीमचा, डेनव्हरचा, डिफेन्स असा होता की त्यानं चेंडू नुसता सांभाळला तरी पुरलं. अंगठी मिळाली ती त्याच्या सगळ्यात खराब वर्षात. सातबारा भाऊंच्या हिशेबानं मॅनिंग 2013 पेक्षा 2015 मध्ये मोठा.

---

सातबारा_कोरा

बाई तुम्ही माह्या मास्तरीण असत्या तर मी नापासच झालो असतो

---

धुरकरी_बुढा

पोट्टेहो, मी हा खेळ चारदा पायला असंन, नातवानं दाखवला, निम्मा समजला नाई. पण पट, म्हंजे बैलजोडीची शर्यत, मी पन्नास वर्स पायले, तळेगाव दशासरचा पट पायले बापासंग बंडीनं जात होतो. मधात 2014 पासून बंदी होती थे वर्स सोडले तर एक हंगाम चुकवला नाई. म्हून बोलतो, चुकलं तर सोडून द्या.

पटात धावते कोण, जोडी. भोंग्यावर नाव कोणाचं घेतात, मालकाचं. अन् धुरकरी मधात उभा रायते, त्याच्या हातात काय असते, कासरा अन् चार-पाच सेकंद. चांगली जोडी असली त कोणताबी धुरकरी नंबरात येते. आमच्या गावात एक होता, तीन वर्स लागोपाठ इनाम आणलं, मोठा धुरकरी म्हून मिरवे. मालकानं जोडी इकली. पुढच्या साली दुसऱ्या जोडीवर उभा रायला त पहिल्याच खेपेले बैल वाटेच्या बाहेर गेले अन् हा कासरा सोडून उडी मारून मोकळा. अन् दुसरा एक होता, त्याले कधी धड जोडी भेटली नाई, एक बैल तेज असला का दुसरा मंद. पण तो मंद बैलाच्या बाजूनं अंग टाकून जोडी सरळ काढे, बाहेर जाऊ देत नव्हता. इनाम एकबी नाई. पण जुने लोक आजबी त्याचंच नाव घेतात.

आता तुमच्या खेळात मले जे दिसलं थे सांगतो. त्या फेकणाऱ्याच्या समोर पाच धिप्पाड गडी असतात, मधातला एक चेंडू मागं देते थेवढंच, बाकी चेंडूले हातबी लावत नाईत, नुसते समोरच्याले अडवतात. थेच जोडी. कॅमेरा चेंडूच्या मागं जाते म्हून ते कोणाले दिसत नाईत. नातवाले म्हणलं चेंडू नको दाखवू, हे पाच दाखव. उजव्या हाताचा फेकणारा असला का त्याची पाठ डाव्या आंगाले होते, म्हून डाव्या टोकाचा गडी सगळ्यात महत्त्वाचा, थो पडला का समजा मागून आला वाघ. हे पाच जोवर उभे हायेत तोवर फेकणारा भारी का फुसका काहीच समजत नाई, कोणीबी फेकते. त्यायच्यातला एक पडला, मंग पाहाचं का हा कासरा सोडते का धरून ठेवते.

---

जागलवाला_आर्णी

बुढाबा, दंडवत. मी त्या पहाटे सहाच्या सहा वेळा चेंडूच पाहून रायलो होतो. आज परत तीच मॅच लावली अन् डाव्या टोकाचा गडी पायला. तुम्ही म्हणता तसंच. अन् फिलाडेल्फियानं जास्तीचे गडी पाठवलेच नाईत, चार जणच यायचे अन् चारच जण पाचायले फोडून काढायचे. माहोम्सले मान वर कराले टाइम नाई.

---

मेट्रो_वाला_नागपूर

क्या बात है बुढाबा 🙏

भाऊ अजून एक जोड. फेब्रुवारी 2021 ची फायनल पाहा, त्यात पण माहोम्स होता, समोर ब्रेडी, टॅम्पाकडून. माहोम्सच्या लाइनचे (बुढाबांच्या त्या पाच गड्यांमधले) दोन्ही टोकाचे रेग्युलर गडी दुखापतीनं बाहेर होते. पूर्ण मॅच तो मागे मागे पळत होता, एक टचडाऊन नाही, 31-9. पण त्यातले एक-दोन पास असे आहेत की हा गडी जमिनीला आडवा होऊन पडता पडता फेकतो अन् चेंडू रिसिव्हरच्या तोंडावर जाऊन लागतो, पकडला नाही त्यानं, रेकॉर्डमध्ये काय, मिस. म्हणजे मी पाहिलेला त्याचा बेस्ट पास रेकॉर्डमध्ये शून्य आहे.

आता माझा मुद्दा वेगळा. जोडी झाली, किकर झाला, पण कोच? ब्रेडीच्या सहा अंगठ्या बेलिचिकच्या हाताखाली. 2008 ला ब्रेडीचा गुडघा पहिल्याच मॅचला गेला, त्याच्या जागी मॅट कॅसल आला, ज्यानं कॉलेजात पण कधी नीट सुरुवातीपासून मॅच खेळल्या नव्हत्या, अन् टीम 11 जिंकली 5 हरली. लोक म्हणाले पाहा, सिस्टिमची कमाल, ब्रेडी काय कोणी पण चालते. मग 2020 ला ब्रेडी टॅम्पाला गेला, वय 43, पहिल्याच वर्षी अंगठी. अन् त्याच वर्षी बेलिचिकची टीम 7-9. लोक लगेच पलटले, म्हणे सगळं ब्रेडीच होता.

आपलं रणजीचं आठवा ना. चंद्रकांत पंडित सर आले अन् विदर्भ 2017-18 ला पहिल्यांदा चॅम्पियन, इंदूरला दिल्लीला हरवून, गुरबानीची हॅटट्रिक, मी ऑफिसात काम सोडून स्कोअर पाहत होतो. पुढच्या वर्षी परत. मग सर मध्य प्रदेशला गेले अन् 2022 ला त्यांना चॅम्पियन केलं. तेव्हा पानटपरीवर सगळे म्हणत होते पोट्ट्यांत काही नव्हतं, सर होते म्हणून. मग 2025 ला विदर्भ त्यांच्याशिवाय पण जिंकला. आता काय म्हणायचं? टपरीवाले गप.

---

डॅलसवाला_भाऊ

मीच तो भाऊ. लिंक पाठवली म्हाताऱ्यानं (म्हातारा म्हणजे जागलवाला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे पण बोलतो आजोबासारखा).

सगळ्यांचं वाचलं. आता मी एक गोष्ट सांगतो जी टीव्हीवर कळत नाही, स्टेडियमला गेल्यावर मला कळली. प्रत्येक प्लेच्या (म्हणजे एका चालीच्या) आधी 40 सेकंदाचं घड्याळ असते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो, त्यातून कोच सांगतो काय खेळायचं. पण घड्याळात 15 सेकंद उरले की तो स्पीकर आपोआप बंद होतो, लीगचा नियमच आहे. त्यानंतर त्याच्या कानात कोणी नाही. समोर अकरा जण उभे, ते मुद्दाम खोटं दाखवतात, येणारा मागे उभा राहतो अन् मागे जाणारा पुढे. हे सगळं वाचून त्याला ठरवायचं असते की कोचनं सांगितलं तेच खेळायचं का बदलायचं, अन् बदललं तर मैदानावर सत्तर हजार लोकांच्या गोंधळात बाकी दहा जणांना ओरडून सांगायचं. पेटन मॅनिंग तिथे उभा राहून "ओमाहा, ओमाहा" ओरडायचा, हात हलवायचा, लाइनवाल्याच्या पाठीवर थाप मारायचा, घड्याळात एक सेकंद उरेपर्यंत. मग चेंडू हातात आला की अडीच-तीन सेकंद, बस.

मला वाटते क्वार्टरबॅकचं आपलं स्वतःचं काय असते तर हेच. स्पीकर बंद झाला तिथून चेंडू हातातून सुटला तिथपर्यंत. त्याच्या आधी कोच, त्याच्या नंतर रिसिव्हर अन् किकर अन् नशीब. वीस सेकंद पण नाही. पण हेच वीस सेकंद वर्षातून हजार वेळा. ब्रेडीला 2000 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) 199 व्या नंबरवर का घेतला? पळायला हळू, अंग बारीक, हातात फार जोर नाही. मोजपट्टीवर जे मोजता येते त्या सगळ्यात तो मागे. या वीस सेकंदांत काय करते ते कोणालाच मोजता आलं नव्हतं.

म्हणून माझं मत, सात अंगठ्यांमुळे तो मोठा नाही, पण सात अंगठ्या त्या वीस सेकंदांमुळे आल्या. सातबारा भाऊ अर्धे बरोबर.

---

सातबारा_कोरा

अर्धे बरोबर म्हणजे साडेतीन अंगठ्या. चालते.

---

गणितवाल्या_बाई_हिंगणघाट

डॅलसवाले दादा, छान लिहिलं, पण माझी अडचण तिथेच आहे. ते वीस सेकंद मोजणार कोण? स्पीकर बंद झाल्यावर त्याच्या डोक्यात काय चाललं ते तुम्हाला कसं कळलं? पास चुकला तर क्वार्टरबॅकनं चुकीचा वाचला की रिसिव्हर चुकीच्या दिशेनं पळाला, हे आतल्या माणसांशिवाय कोणाला माहीत नसते. हल्ली ते प्रत्येक प्लेला मार्क देतात, तिसऱ्या प्रयत्नाला आठ यार्ड हवे असताना तीन यार्डाचा पास पोचवला तर मार्क कापतात, जुन्या रेटिंगमध्ये त्यालाच शाबासकी मिळायची. ते बरंच सुधारलं. पण शेवटी "डोळ्यांनी पाहा" म्हटलं की ज्याचा जो आवडता त्याला तोच दिसतो. शाळेत तोंडी परीक्षेचे मार्क कोणाला जास्त मिळतात ते आम्हाला विचारा.

आणि काळाचं विसरू नका. जो नॅमथ नावाचा जुना क्वार्टरबॅक होता, आयुष्यभरात 173 टचडाऊन अन् 220 पास समोरच्यांनी झेललेले. आजच्या हिशेबानं त्याला पहिल्या महिन्यातच घरी पाठवतील. पण त्याच्या काळात रिसिव्हरला पूर्ण रस्ताभर धक्के मारायची मुभा होती. 1978 ला नियम बदलला, पाच यार्डांनंतर हात लावायचा नाही, अन् अडवणाऱ्यांना हात लांब करायची परवानगी. तिथून पासचा पाऊस सुरू झाला. 14 सामन्यांचा हंगाम त्याच वर्षी 16 चा झाला, 2021 पासून 17. म्हणून मरिनोचं 1984 मला सगळ्यात मोठं वाटते. नंतर पाच हजार यार्ड बऱ्याच जणांनी काढले, पण तेव्हा तो पहिला होता अन् तो आकडा 2011 पर्यंत, सत्तावीस वर्षं, कोणी मोडला नाही. क्वार्टरबॅक त्याच्या बाजूच्या बाकावरच्या पोरांशी ताडून पाहायचा, नातवांशी नाही.

---

दर्यापूरकर

बाईंना पूर्ण अनुमोदन. आणि मरिनोला सतरा वर्षांत चेंडू घेऊन पळणारा धड गडी मिळाला नाही, हंगामात हजार यार्ड पळालेला एकच, तोही एकदाच, 1996 ला. समोरच्यांना माहीत असायचं की हा फेकणारच आहे, तरी अडवता यायचं नाही. बुढाबांचा मंद बैलवाला धुरकरी तो हाच.

---

धुरकरी_बुढा

नातू म्हणते मरिनोचा व्हिडिओ दाखवतो. पायतो अन् सांगतो.

---

जागलवाला_आर्णी

मंडळी लय शिकलो. भावासंग आता बोलणं झालं, माहोम्सवर तडजोड झाली, मी म्हणलं तू म्हणते तेवढा तो भारी हाय पण माह्या त्या पहाटेले तो नव्हता अन् त्यात त्याचा दोष निम्मा. निम्मा काऊन, तर दोन पास त्यानं खरोखरच आंधळे फेकले, तिथं लाइनचं काही नव्हतं, मी परत परत पायले. एकात तर समोरचा गडी सरळ उभा दिसते, माळ्यावरून मले दिसला अन् त्याले दिसला नाई.

बाकी भाऊ काउबॉयचा फॅन हाय, डॅलसची टीम, त्यायनं जानेवारी 1996 नंतर सुपर बोल पायलाबी नाई, म्हून त्याच्या मतावर किती भरोसा ठेवाचा हे तुम्हीच ठरवा 😂

---

डॅलसवाला_भाऊ

पासवर्ड बदलतो थांब.

---

मेट्रो_वाला_नागपूर

😂😂😂

---

धुरकरी_बुढा

पायला मरिनो. चेंडू हातात आला का गेला, कोणाले धरू देतच नाई. कासरा हलकाच धरला हाय पण सुटत नाई. हा पटावर उभा रायला असता त चालला असता.

---

नवीन_पोट्टा_पुसद

मी आत्ताच वाचून रायलो वरून खालपर्यंत. मले एकच सांगा, त्या 47 यार्डवाल्या अन् 48 यार्डवाल्या किकरले क्वार्टरबॅकयेवढा पगार भेटते का?

---

डॅलसवाला_भाऊ

नाही रे बाबा. त्याच्या पासंगालाही नाही.

---

नवीन_पोट्टा_पुसद

अन् अंगठी?

---

डॅलसवाला_भाऊ

अंगठी सारखीच.